गालावरचा उजेड

फोटो काढण्याआधी कोफी माणसाच्या गालाशी लाईट मीटर असा धरायचा, की समोरच्याला वाटावं, हा आता जीभ दाखवायला सांगणार. काटा बघून मान डोलवायचा आणि म्हणायचा, "आधी चेहरा, मग भिंत. गेनाऊ." गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'.

कोफी घानाचा. साठ-एकसष्टच्या सुमारास स्टुटगार्टमध्ये आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. मी इंजिनं शिकत होतो, तो कलाशाळेत फोटोग्राफी. गावातले फोटोवाले पांढऱ्या भिंतीवरून उजेड मोजतात, ही त्याची कायमची तक्रार. "मग आमच्या फोटोत दात, कॉलर आणि टाय हजर. मालक गैरहजर." म्हणून गावातल्या तमाम आफ्रिकन पोरांचे फोटो हाच काढायचा.

माझं आडनाव काळे. त्याचा अर्थ कळल्यावर तो पलंगावर आडवा पडून हसला. दुसऱ्या दिवशी मला शब्द विचारून त्याने आपल्या दारावर पाटी लावली, 'थोरले काळे'. पोस्टमन माझी पत्रं त्याच्याकडे टाकू लागला.

असंच एकदा आईचं पत्र घेऊन तो आला. "वाच. थोरल्यालाही कळू दे." मुलीकडच्यांना माझा फोटो हवा होता. आईने लिहिलं होतं, 'जरा उजळ येईल असा काढून घे.' मी अर्थ सांगितला. तो कॅमेरा आणि मीटर घेऊन आला, तोवर मी पावडरचा डबा उघडला होता.

कोफीने मीटर खिशात टाकला. "मग फोटो नक्की कोणाचा पाठवायचा?"

"तुझं काय जातंय? लग्न माझं आहे," मी चिडून म्हणालो.

तो उठून गेला आणि एक फोटो घेऊन आला. इथे आल्याआल्या दुकानात काढून आईला पाठवलेला. तिने तो परत धाडला होता. मागे गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं, 'सूट छान आहे. तू कुठे आहेस?'

"मग दुसरा पाठव ना."

"सगळ्यांचे मी काढतो. माझ्या गालाशी मीटर कोण धरणार?"

तीन वर्षं त्याच्या आईने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. मला पावडरची लाज वाटली. मी त्याच्या खिशातला मीटर काढला आणि त्याच्या गालाशी धरला.

"धाकटे काळे," तो हळूच म्हणाला, "भिंतीकडे बघू नकोस."

माझाही फोटो त्याने काढला, आहे तसा. दोन्ही पाकिटं एकदमच पोस्टात पडली.

त्याच्या आईचं उत्तर आधी आलं. ते त्याने अख्ख्या घराला वाचून दाखवलं, घरमालकिणीला तर दोनदा. त्यात सुटाबद्दल अवाक्षर नव्हतं. एवढंच होतं, 'गाल बसलेत तुझे. जेवतोस ना?'