निरोगी गटातली शकू

चौक गावच्या नागूला चिंतेचा आजार होता. भात पोटरीला आलं की त्याला आधी कीड दिसायची. लेकीनं फोन उचलला नाही की थेट दवाखान्यातली खाट दिसायची. कर्जतच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी बराच उतार पडला होता. त्यांनीच त्याला पनवेलकडच्या एका संशोधनासाठी सुचवलं. पुढं काय होणार याचा अंदाज बांधताना मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी बोलतात, आणि आजारात ते बोलणं कसं बदलतं, हे एमआरआय यंत्रातून पाहायचं होतं. तुलनेला निरोगी माणसंही हवी होती. नागूनं बायकोचं नाव दिलं. शकू कशालाच घाबरत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

तिथल्या आसावरी मॅडमनी नागूला यंत्रात निजवलं. पडद्यावर पुढचं चित्र कुठलं येईल ते ओळखून बटण दाबायचं, आणि फारच घाबरल्यासारखं झालं तर हातातला रबरी फुगा दाबायचा, म्हणजे लगेच बाहेर काढू, असं समजावलं.

यंत्र धडधडायला लागलं आणि दुसऱ्याच मिनिटाला फुगा दाबला गेला. त्याला धावपळ करून बाहेर काढलं.

"काय होतंय, काका?"

"काय नाय. फुगा चालतो का बघितलं."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पण एकदा दाबल्यानं फुगा बिघडला तर नसेल? त्यानं परत दाबला. तिसऱ्या खेपेला, बाहेर अजून कुणी आहे का, याची खात्री करून घेतली. यंत्राची वेळ संपत आली, पुढचा रुग्ण दाराशी येऊन थांबला, आणि आता मॅडमच पुन्हा पुन्हा घड्याळ बघू लागल्या. शेवटी चित्रं ओळखण्याच्या दर फेरीनंतर माइकवरून "मी आहे, काका" असं सांगत त्यांनी कसंबसं काम उरकलं.

मग शकूची पाळी. यंत्राआधी तिला काही प्रश्न विचारायचे होते. झोप किती लागते? दोनेक तास, शकू म्हणाली. छातीत धडधडतं का? रोजच. कधीपासून? लेक झाली तेव्हापासून.

बाकावर चहा पीत बसलेल्या नागूनं पेला खाली ठेवला.

"मला कंदी बोलली नायस गं."

"तुमी घाबरत व्हता ना. दोघांनी घाबरून घर कसं चालंल?"

शकूला निरोगी गटात घेता येणार नव्हतं. तिनंही कर्जतच्या डॉक्टरांना भेटावं, असं मॅडमनी हळूच सुचवलं. आपल्यामुळे त्यांचं काम अडलं म्हणून शकू ओशाळली.

परतीच्या टेंपोत मात्र तिच्या तोंडून इतक्या वर्षांच्या शंका एकामागून एक निघू लागल्या. गोळ्यांची सवय लागेल का? लोक काय म्हणतील? नागू एकेकीचं उत्तर देत गेला. त्याला सगळं तोंडपाठ होतं.

"गोळीच्या पयल्या दिवशी काय व्हईल?"

"तोंड सुकंल."

"दुसऱ्या?"

"दुसऱ्या बी सुकंल."

"आन् तिसऱ्या?"

"तिसऱ्या दिवशी मी इचारीन, झोप लागली का."

चौथ्या दिवसाचा प्रश्न येईल म्हणून नागूनं वळून पाहिलं, तर ती त्याच्या खांद्यावर मान टाकून घोरत होती.