नगण्य धरलेली उमेदवार

हर्षदा कुंभोजकर मुलाखतीला पोचली तेव्हा तिचा निरोप समारंभ सुरू व्हायच्या बेतात होता.

अभियांत्रिकी कॉलेजच्या मॉडेलिंग विभागात संशोधन सहायकाची एकच जागा होती. तिथे उमेदवाराला प्रश्न विचारून घसा कोरडा करत नसत. पुलाचं करतात तसं उमेदवाराचं मॉडेल करून सरळ संगणकावर चालवत. हर्षदाचं सकाळीच चालवून झालं होतं. त्यात ती रुजू झाली, रुळली, दुसऱ्या वर्षी विभागप्रमुख वाटवे सरांशी तिचं बिनसलं, आणि तिसऱ्या वर्षी राजीनामा देऊन गेली.

"काम छान केलंत," वाटवे सर म्हणाले. "बसा, समोसे येताहेत."

"सर, मी अजून रुजूच झाले नाहीये."

"आता कशाला होताय? निकाल आलाय की."

ऑफिसातल्या ढमढेरेबाईंनी टेबलावर शाल आणि नारळ मांडला. विभागाचा रिवाज पक्का होता: आणलेली शाल दुकानात परत जात नाही, कुणाच्या तरी खांद्यावरच जाते. हर्षदाला रडू यायला लागलं. साताऱ्यात आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आणि ही नोकरी हुकली तर मामाच्या प्लंबिंगच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. तिला पाइप विकायचे नव्हते.

पण पोरगी शेवटी मॉडेलिंगच शिकलेली. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "गृहीतकं काय धरलीत?"

सरांना प्रश्न आवडला. "नेहमीचीच. तापमान स्थिर, हवेचा रोध नगण्य, उमेदवाराचं म्हणणं नगण्य."

"म्हणणं का नगण्य?"

"गणित सुटसुटीत होतं हो."

"एकदा धरून तर बघा."

विनंती शास्त्राला धरून होती, नाही कसं म्हणणार? सरांनी आकडा बदलला आणि समोसे खात सगळे पडद्याकडे बघत राहिले. या खेपेला हर्षदा रुजू झाली, दुसऱ्या वर्षी बोलली, तिसऱ्या वर्षीही बोलली, आणि राजीनामा वाटवे सरांनी दिला. प्रमुखाची खुर्ची तिच्याकडे आली.

सरांनी चष्मा पुसून निकाल पुन्हा वाचला. "यात खोट काढता येत नाही," ते म्हणाले आणि मान पुढे केली. ढमढेरेबाईंनी शाल घातली. सर दोन शब्द बोलले, बरे बोलले, आणि नारळ काखोटीला मारून घरी गेले.

हर्षदाने आईला फोन लावला आणि थेट प्रमुखच झाल्याचं सांगितलं. मग ती खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती.

सहायकाची जागा आता पुन्हा रिकामी झाल्याने दारात पुढचा उमेदवार उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, आणि खिशात वाजणारा फोन. तोही आईचाच असणार.

"याचं मॉडेल तयार आहे, मॅडम," ढमढेरेबाई म्हणाल्या. "याचं म्हणणं काय धरू?"

हर्षदाने खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"नगण्य," ती म्हणाली. "आणि एक शाल मागवून ठेवा."