एक बोट जागा

अप्पा खांडेभराड कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोट घालून बघत. बोट गेलं, तर बसत. नाही गेलं, तर उभ्यानंच सुनावत, "एक बोट जागा सोडा सर! उन्हाळ्यात सगळं फुगून राह्यतं. मंग बोंबलत बसता."

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं लालभडक सळ्या बघितलेला माणूस. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी एकच भिंत. त्यांच्याकडे काही नवं आलं, की ते आधी आमच्या सौभाग्यवतीला दिसतं आणि नंतर मला ऐकावं लागतं.

अप्पांच्या घरच्या काकू वारल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या पुण्याच्या मुलानं टेम्पोभर फळ्या पाठवल्या. दिसायला सागवान, पण भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या. वाळवी नाही, पॉलिश नाही. अंगणात त्याचा ओटा करायचा आणि त्याला डेक म्हणायचं.

"अप्पांच्या दारात जहाज लागणारे," बायको म्हणाली. "आपल्याकडं शहाबादी फरशी. ती पण हलती."

मला हेवा वगैरे वाटला नाही. मी फक्त रोज भिंतीशी उभा राहून काय चुकतंय ते शोधत होतो.

अप्पा काही चुकूच देईनात. मिस्त्री फळ्या सरळ मातीवर टाकायला निघाला होता. त्याला थांबवून त्यांनी हाताहाताच्या अंतरावर लोखंडी पाइप टाकून सांगाडा केला, खाली वारा खेळायला मोकळी जागा ठेवली, पाणी जायला घरापासून बाहेर उतार दिला. खिळा मारू दिला नाही, सगळं क्लिपांवर.

"अप्पा, घट्ट बसवतो की. भारी दिसंल," मिस्त्री म्हणाला.

"बसव. मे महिन्यात कमान होऊन तुह्याच छातीवर येईल."

मग बाजूनं कठडा झाला आणि मला माझी चूक सापडली! आमच्या भिंतीच्या बाजूला कठड्यात चांगली दीड हाताची मोकळी जागा राहिली होती.

"फळ्या कमी पडल्या वाटतं?" मी भिंतीवरून गोडीत विचारलं.

"न्हाई. जागा सोडली."

"दीड हात?"

अप्पा नुसते हसले. "संध्याकाळी चहाला या सर."

"येतो," म्हणालो आणि गेलो नाही. बायकोला मात्र तीनदा सांगितलं, म्हातारा मापात चुकला.

गल्ली चार दिवस डेक बघून गेली. मग एप्रिल उजाडला आणि देव माझ्या बाजूनं उतरला. भर दुपारी अप्पा चप्पल विसरून फळ्यांवर आले आणि तीस वर्षं भट्टीशेजारी काढलेला माणूस प्लास्टिकवर नाचला. पाणी मारावं, तर जालन्याचा नळ दहाव्या दिवशी येणार. मी फरशीवर गार बसून हे बघत होतो. इतका सुखाचा उन्हाळा मला आठवत नाही.

जूनपर्यंत फळ्यांचा रंगही उडाला. हे मात्र जवळून बघायलाच हवं होतं. एका संध्याकाळी मी भिंतीवरून पाय टाकला. पलीकडे पायाखाली आयती पायरी आली. पायरीवरून सरळ कठड्यातल्या मोकळ्या जागेत.

"आलात? बसा," अप्पा म्हणाले. दोन खुर्च्या होत्या. दुसरीपुढं चटई. त्यांनी ती झटकायला उचलली, तर खाली चौकोनी तुकडा नव्यासारखा गडद.

"एवढाच कसा काय विटला नाही?"

"चटई तिथंच असती न. पहिल्या दिवसापासून. तुमचे पाय पोळतील म्हणून टाकल्ती."

मी चटई त्यांच्या हातातून घेतली आणि परत अंथरली.

"ही होती तवा भिंतीवरून कप देत होती तुमाला," अप्पा किटलीकडं बघत म्हणाले. "माझा हात थरथरतो, सांडतं. म्हटलं, कपापेक्षा माणूसच आत येईल एवढी जागा सोडावी."

चहात साखर जास्त होती. मी पिऊन टाकला आणि अजून मागितला. अप्पा आत गेले तेवढ्यात मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला चिकटवली. बोटच काय, कागदही गेला नसता.

अप्पा आले. त्यांनी खुर्च्या बघितल्या. बोट उचललंही.

मग ते खाली घेतलं आणि कप पुढे केला.