मामींची खाद्यफेरी

कुठलाही पदार्थ पोटात जाण्याआधी मामींना त्याचं कूळ-मूळ कळावं लागे. त्यामुळे भाचीने त्यांच्यासाठी 'जुन्या शहरातून पायी खाद्यफेरी आणि शेवटी जुनी बिअर' असा बेत ठरवला, तेव्हा मामा शेवटच्या दोन शब्दांवर खूश झाले आणि मामी उरलेल्या सगळ्यांवर.

"चौकात घड्याळाखाली पांढऱ्या टोपीतला माणूस असेल. त्याच्या मागे मागे जायचं," एवढं सांगून भाची कामाला गेली.

घड्याळाखाली पांढऱ्या टोपीतला माणूस होता. खांद्याला पिशवी आणि चेहरा आंबट ढेकर आल्यासारखा.

"आम्ही तुमच्याबरोबर आहोत," मामा म्हणाले.

तो दचकला. "आज? मला कुणी बोललं नाही."

"वरून कालच सांगितलंय!" मामा ठसक्यात म्हणाले. फेरी ठरवायचा फोन भाचीने ऑफिसातून केला होता आणि तिचं ऑफिस आठव्या मजल्यावर होतं.

तो माणूस अन्नतपासणी खात्यातला निरीक्षक होता. 'वरून' म्हटलं की त्याला फक्त वरचे साहेब आठवत. साहेबांनी आपल्यावरच नजर ठेवायला माणसं धाडली, अशी त्याने खूणगाठ बांधली आणि रोजच्या तपासणीला निघाला.

पाववाल्याकडे त्याने पाव हुंगला, मोडला, उजेडात धरला. मामी हरखल्या. "किती मन लावून दाखवतोय बघा!" मग त्या पाववाल्याकडे वळल्या. "तुमचं हे आंबवण किती जुनं हो?"

"आजोबांच्या हातचं!" पाववाल्याची छाती फुगली.

"अगंबाई! आणि भांडं? तेही तेव्हाचंच?"

मामींनी विचारलं कौतुकाने. पण निरीक्षकाची कानशिलं तापली. हा प्रश्न खरं तर त्याचा होता. त्याने भांड्यात बॅटरी मारली आणि पाववाल्याला फैलावर घेतलं. लोणचंवाल्याकडे मामींनी बरणीच्या तळाशी काय बसतं ते विचारलं, तिथेही तीच गत झाली. हवालदिल दुकानदार मामींच्या हातावर आपला सर्वांत चांगला माल ठेवत होते, आणि मामी म्हणत होत्या, "काय अगत्याची माणसं!"

शेवटी बिअरचं जुनं दुकान आलं. मालकीणबाईंनी सगळ्यांना तळघरात नेलं. लाकडी पिंपं, ओलसर दगडी भिंती, धान्याचा आंबूस वास. मामांनी पहिला घोट घेऊन डोळे मिटले. मामींनी मात्र वर पाहिलं.

"कोळ्यांची ही एवढी जाळी कशाला ठेवलीत?"

"सासरे म्हणायचे, जाळी काढली की बिअर रुसते."

"बरोबर!" निरीक्षक ओरडला. "मी तेच म्हणणार होतो. तळघर आजपासून बंद!"

मालकीणबाई मटकन पिंपावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी पुढे सरसावल्या.

"अहो, बंद कशाला? मी आपलं सहज विचारलं!"

"बाईसाहेब, वरून आलेल्या माणसांनी दाखवल्यावर मी काय करू?"

"वरून कोण आलंय? आम्ही भाचीकडे आलोय!"

मग सगळा उलगडा झाला. निरीक्षक आधी लाल झाला, मग पांढरा. पण तोंडातून गेलेला हुकूम गिळायचा कसा?

"जाळी गेली तर?" मामींनी विचारलं.

"तर... बंद करायचं कारण उरत नाही."

मामींनी पदर खोचला. "बाई, झाडू आणा. अहो, तो पेला ठेवा आणि शिडी धरा."

मामांनी पेला एका दमात रिकामा करून ठेवला. मामी शिडीवर, निरीक्षक बॅटरी धरून, मालकीणबाई केर भरताहेत, असं काम ऐन रंगात आलं असताना जिन्यावर पावलं वाजली. पांढऱ्या टोपीतला एक हसतमुख तरुण पंधरावीस प्रवाशांना घेऊन उतरला. खरा वाटाड्या हा होता. समोरचा देखावा पाहून तो क्षणभर थबकला. पण लोकांसमोर गप्प राहणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"मंडळी, तुमचं नशीब थोर!" तो म्हणाला. "इथली फार जुनी प्रथा आज बघायला मिळतेय. आधी पाहुण्यांनी तळघर झाडायचं, मगच पेला ओठाला लावायचा!"

प्रवाशांनी झाडूसाठी रांग लावली. मालकीणबाई शेजाऱ्यांकडून आणखी झाडू मागायला धावल्या.

शिडीवरून मामी वाकल्या. डोक्यावर जाळी, डोळ्यांत कुतूहल.

"हो का? कधीपासूनची प्रथा म्हणायची ही?"

"तीनशे वर्षं तरी झाली असतील, काकू."

"बघा!" मामी मामांना म्हणाल्या. "आणि मला मेलीला वाटत होतं, मीच काढली ही टूम."