मालकांची पावलं आणि कंपनीचा भाव

सोमवारी सकाळी जिन्यातच मालकांच्या चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल हातात घेऊन ते एका पायाने अनवाणी खाली उतरले. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी ते पाहिलं.

एरवी एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मालकांची सॉफ्टवेअर कंपनी बारा माणसांची. दातांच्या डॉक्टरांना रुग्णांच्या वेळा लावून देणारी. तिचे शेअर बाजारात होते खरे, पण घेणारे मोजकेच, आणि त्यातले निम्मे याच इमारतीत राहत. ताळेबंद कुणाला वाचता येत नव्हता. मालक मात्र सगळ्यांना रोज दिसत.

दुपारपर्यंत साठाचा भाव चोपन्नावर आला.

"अहो, काय केलंत तुम्ही?" बायकोचा फोन आला. "वरच्या वकीलबाई विचारत होत्या, पगार तरी होतात का म्हणून."

"चप्पल तुटली गं माझी!"

"मग बूट घ्या. चांगले चकचकीत. आणि जिन्यात जरा वाजवत चाला."

मालकांना हसू आलं नाही. भाव पन्नासाच्या खाली गेला तर खुर्ची सोडावी लागेल, असं सर्वांत मोठ्या गुंतवणूकदाराने त्यांना लेखी कळवलं होतं. पंधरा वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली कंपनी. त्यांनी बूट घेतले.

मंगळवारी भाव अडुसष्ट झाला. बुधवारी बूट चावले, टाचेला फोड आला, म्हणून मालकांनी टॅक्सी बोलावली. भाव ऐंशी!

"टॅक्सी!" पोस्टमास्तर वकीलबाईंना म्हणाले. "उद्या कंपनीचा निकाल दणदणीत लागणार, लिहून ठेवा."

"काका, पाय सुजलाय हो माझा," मालक काकुळतीला आले.

"असू द्या, असू द्या. निकालाआधी तुम्ही बोलायचं नसतं, ठाऊक आहे आम्हाला."

गुरुवारी तिमाहीचा निकाल लागला. नफा बारा टक्क्यांनी वाढला होता. इतका तो आजवर कधीच वाढला नव्हता. पण घरचे पंच्याण्णव गुण धरून बसले असतील, तर नव्वद आणणारं पोर दारातच रडकुंडीला येतं. बाजाराचंही तसंच असतं. इमारतीने तीस टक्के धरले होते.

"बाराच?" पोस्टमास्तरांनी जिन्यात वाट अडवली.

"गेल्या वेळी आठ होते, काका!"

"हो, पण तेव्हा तुम्ही चपला घालत होतात."

बाजार बंद होताना भाव होता सत्तेचाळीस.

शुक्रवारी सकाळी मोठ्या गुंतवणूकदाराचा माणूस आला. त्याने किल्ल्या मागून घेतल्या आणि उभ्या उभ्याच नवा प्रमुख नेमल्याचं जाहीर केलं. बारा जणांपैकी कुणी मान वर केली नाही. पंधरा वर्षं एका खोक्यात मावली. ते खोकं छातीशी धरून मालक दुपारी घरी आले, तर दारात सगळी इमारत जमलेली.

वकीलबाईंनी पुढे होऊन खोकं हातातून घेतलं. कुणी पाणी आणलं. कुणी खुर्ची पुढे केली. मालक खुर्चीत टेकले. माणसं इतकी वाईट नसतात, त्यांच्या मनात आलं.

"सव्वाशे!" पोस्टमास्तर म्हणाले.

"काय सव्वाशे?"

"भाव! तुम्हाला काढल्याची बातमी आली आणि जो उसळला, तो थांबतच नाही."

सगळे आनंदाने त्यांच्याकडे बघत होते. मग पोस्टमास्तर जवळ सरकले आणि आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले,

"एवढंच सांगा, त्यांनी परत बोलावलं, तर तुम्ही जाणार नाही ना?"