शंभर टक्के ऐच्छिक

नळांचे मीटर तपासणाऱ्या त्या कार्यालयात वरून एक परिपत्रक आलं. एचआयव्हीबाबत जागृती करावी, चाचणी शिबिर भरवावं, चाचणी पूर्णपणे ऐच्छिक ठेवावी आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी ती केल्याचा अहवाल शनिवारपर्यंत पाठवावा. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्या बाबूंच्या गळ्यात मारलं.

मोठे बाबू म्हणजे आस्थापना शाखेचे हेडक्लार्क. नवं काम आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. या वेळी पडली नाही, आणि का पडली नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते परगावी प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता ‘कार्यालयीन शिस्त’. तिथं एका संध्याकाळी त्यांचा पाय घसरला, आणि तेव्हापासून याच आजाराच्या भीतीनं त्यांच्या मनात बिऱ्हाड केलं. कंबरदुखीचं निमित्त काढून त्यांनी आपलं अंथरूण बैठकीच्या खोलीत हलवलं. सरकारी दवाखान्यातल्या चाचणीच्या खोलीपर्यंत ते अनेकदा गेले, पण दाराशी ओळखीचं कोणी दिसलं की शेजारच्या दातदुखीच्या रांगेत शिरायचे. त्यात त्यांची एक धडधाकट दाढ गेली.

आता शिबिर कार्यालयातच होणार होतं. सगळ्यांच्या घोळक्यात आपणही टोचायला बोट पुढं करायचं, कोण कशाला बघतंय?

पण बघायला सगळेच तयार होते, बोट पुढं करायला कोणी नाही. रोखपाल म्हणाले, आमच्या घराण्यात मधुमेह आहे, असलं काही नाही. लेखा शाखेतल्या बाईंनी सासूबाईंना विचारून सांगते म्हटलं. साहेबांनी उद्घाटनाला आनंदानं होकार दिला, मात्र उद्घाटकानंच चाचणी करणं शिष्टाचारात बसत नाही, असा शेरा मारला. युनियनचे सरचिटणीस लढाऊ गृहस्थ. त्यांनी निवेदन दिलं, की चाचणीला विरोध नाही, पण भेदभाव खपवून घेतला जाणार नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांचा एकच निकाल लागला पाहिजे.

साहेबांना ही मागणी ताबडतोब पटली. “मग निकाल आधीच छापून घ्या ना,” ते मोठ्या बाबूंना म्हणाले. “निगेटिव्ह. सरसकट.”

“आणि रक्त?”

“रक्ताची काय घाई आहे?”

दवाखान्यानं वाटपासाठी कंडोमची खोकीही पाठवली होती. ती भांडारपालांनी ताब्यात घेतली. पेनातली जुनी कांडी जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा त्यांचा नोकरीभरचा बाणा. तोच नियम त्यांनी इथं लावला: आधी वापरलेलं जमा करा, मग नवं न्या. साहजिकच एकही खोकं फुटलं नाही. वाटपात एक पैशाचाही गैरव्यवहार झाला नाही म्हणून साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

शिबिराच्या दिवशी साहेबांनी फीत कापली. दवाखान्यातून आलेल्या समुपदेशक बाई सरळ मुद्द्यावर आल्या. एका कपातून चहा प्यायल्यानं हा आजार होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही. कंडोम वापरा, दुसऱ्याला टोचलेली सुई टोचून घेऊ नका, आणि शंका असेल तर तपासून मोकळे व्हा. सभेनं हे सगळं छताच्या पंख्याकडे बघत ऐकलं. मग ‘सदर कर्मचारी स्वेच्छेने निगेटिव्ह आहेत’ अशी छापील प्रमाणपत्रं वाटण्यात आली, फोटो निघाला, आणि सभागृह बघता बघता रिकामं झालं. पडद्याआड बाई आपलं सामान मांडून एकट्याच बसून राहिल्या.

मोठ्या बाबूंनी पडदा सारला. खुर्ची न्यायला आलो, असं काहीतरी ते पुटपुटले.

“न्यायची आहे की बसायचंय?” बाईंनी विचारलं.

ते बसले. बसल्यावर सगळं सांगून टाकलं. बाईंनी ना भुवई उंचावली ना उपदेश केला, फक्त बोट मागितलं. निकालाची वाट बघताना त्या म्हणाल्या, समजा निघालंच, तर रोज गोळ्या घ्यायच्या. गोळ्या नियमित घेऊन विषाणू पुरता दबला की माणूस पुरं आयुष्य जगतो, जोडीदारालाही लागण होत नाही. पण माहीतच नसेल तर गोळ्या कोण देणार?

निकाल निगेटिव्ह आला. मधे इतका काळ गेल्यामुळे त्या जुन्या प्रसंगाबद्दल आता शंका उरली नाही, असंही बाईंनी सांगितलं. मोठ्या बाबूंनी तो कागद वाचला, परत वाचला, आणि आणखी एकदा वाचण्याआधी त्यांना चष्मा पुसावा लागला.

घरी जाऊन त्यांनी बायकोला खरं काय ते सांगितलं. ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग एक दिवस स्वतः चाचणी करून आली, आपला निगेटिव्ह कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “कंबरेचं नाटक आता पुरे. माफीचं म्हणाल तर ती अजून दिलेली नाही.”

कार्यालयात वेगळंच घडलं. मोठे बाबू पडद्याआड अर्धा तास होते, ही बातमी तोवर सगळ्या टेबलांवर पोचली होती. ज्यानं खरंच चाचणी केली, त्याच्या मनात काहीतरी असणारच. छापील प्रमाणपत्रवाले सगळे शुद्ध ठरले, आणि खरा कागद असलेला एकटाच संशयित. रोखपाल चहाचा कप घेऊन दुसऱ्या बाकावर बसू लागले. शेवटी साहेबांनी मोठ्या बाबूंना बोलावून घेतलं.

“निगेटिव्हच येणार होती, तर केलीतच कशाला?”

“येईपर्यंत कुठं माहीत होतं, साहेब?”

साहेबांनी हातातला पेपरवेट खाली ठेवला. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं दार लावलं आणि आवाज खाली आणला. “माझा एक मित्र आहे,” ते म्हणाले. “त्याला कुठं जावं लागेल?”

मोठ्या बाबूंनी पत्ता सांगितला. दुसऱ्या दिवशी रोखपालांनाही असाच एक मित्र निघाला. सरचिटणीसांचा मित्र लढाऊ होता, पण सुईला भीत होता. लेखा शाखेतल्या बाईंच्या मैत्रिणीला सासू होती. भांडारपालांना तर एकदम तीन मित्र निघाले. मोठे बाबू प्रत्येकाला न हसता तोच पत्ता सांगत गेले, आणि मित्रांनी लवकर जावं असं सुचवत गेले.

तुम्हालाही असा एखादा मित्र असेल. नसेलच म्हणा, तुम्ही काही त्यातले नाही. तसे तेही कोणी त्यातले नव्हते.