आजोबांची सेवाज्येष्ठता

कार्यालयातल्या एका खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर. भर उन्हाळ्यात.

ट्रायलोबाइट या प्राचीन, कवचधारी समुद्री प्राण्याच्या डोक्यावर, दोन्ही डोळ्यांना लागून, एकेक शिवण असते. वेळ आली की ती उसवते.

या रोपाला सकाळचे ऊन लागते, असे रोपवाटिकेतल्या बाईंनी दोनदा बजावले होते.

"बाहेर गेलेत. येतीलच इतक्यात," शेजारच्या टेबलावरून उत्तर येते.

*

जीवाश्म संग्रहालयाच्या वर्गीकरण अधिकाऱ्यांना विभागप्रमुखपद मिळणार, हे ठरल्यासारखेच होते. आधीचे प्रमुख निवृत्त झाले होते, त्यांची पूर्वेच्या खिडकीची खोली रिकामी होती आणि त्या खिडकीसाठी अधिकाऱ्यांच्या बायकोने कुंडीसुद्धा आणली होती. कुंडी तूर्तास घरी, बाथरूमच्या झरोक्यात होती आणि दिवसेंदिवस मान टाकत होती.

"रोप जिवंत आहे तोवर मिळेल ना हो खोली?" बायको रोज विचारायची.

"वार्षिक पडताळणी झाली, की मिळालीच समज."

पडताळणी म्हणजे प्रत्येक जिन्नस जागेवर आहे की नाही, हे बाहेरच्या कार्यालयातून आलेल्या व्यक्तीने पाहणे. या वर्षी एक बाई आल्या. सगळी कपाटे पाहून झाल्यावर त्या काचेच्या मुख्य पेटीपाशी थांबल्या. आत संग्रहालयाचा अभिमान होता: तळहाताएवढा ट्रायलोबाइट. सगळे त्याला आजोबा म्हणत. अंगावर उभे तीन पट्टे, मधला फुगीर, बाजूचे सपाट, धडाला तेरा वळ्या, शेपूट नखाएवढे, डोळे चंद्रकोरीसारखे. एवढ्या लक्षणांवर अधिकाऱ्यांनी एक अख्खी नवी प्रजाती उभी केली होती. पाटीवर लिहिले होते: 'नामशेष प्राणी, नग एक.'

बाईंनी वाकून पाहिले. "प्राणी, एक. आहे."

इथे गप्प बसायचे होते. पण विद्वान माणसाला बरोबर वाक्य आणखी बरोबर करायची खोड असते.

"तसं काटेकोर बोलायचं तर," अधिकारी म्हणाले, "आत प्राणी नाहीये. ही वाढताना टाकलेली कात आहे. हे बघा, शिवण उसवलीय, गाल बाजूला पडलेत. तो पुढून बाहेर पडला आणि निघून गेला."

"निघून गेला?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोणाला सांगून?"

संचालकांना बोलावणे पाठवले. संचालक बाहेर गेले होते. त्यांच्या खुर्चीवरच्या जाकिटाला विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून थांबावे लागले.

"कधीपासून जागेवर नाहीये?" आल्या आल्या संचालकांनी विचारले.

"पंचेचाळीस कोटी वर्षं झाली, साहेब."

"आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

बाईंचे विचारचक्र एव्हाना पुढे गेले होते. "नामशेष म्हणायचं तर निदान एक मेलेला दाखवा. कात टाकली म्हणजे त्यानंतर तो जगलाच की. तुमच्याकडे पुरावा आहे, तो जिवंत असल्याचा."

पाटीवरचे 'नामशेष' खोडून 'बाहेर गेलेले' असे करण्यात आले. परतून आल्यास गैरसोय नको, म्हणून पेटीशेजारी मिठाच्या पाण्याची परात ठेवली गेली. पाणी बदलत राहण्याची जबाबदारी अर्थातच अधिकाऱ्यांवर आली.

"प्राणी नाही, नुसतं कवच जागेवर," बाई म्हणाल्या. "असं आणखी कुठे कुठे आहे?" आणि त्यांनी मागे वळून कार्यालयाकडे पाहिले.

खुर्च्यांच्या पाठींवर स्वेटर, जाकिटे, एक मफलर. पंख्याच्या वाऱ्याने बाह्या हलत होत्या. काम चालू असल्यासारखे वाटत होते. एका टेबलावर उघड्या कागदांवर चष्माही काढून ठेवलेला होता. हा उत्क्रांत प्रकार.

संचालक खाकरले. "आमच्याकडे पहिल्यापासून नियम आहे. कवच जागेवर असेल, तर प्राणी हजर समजायचा."

"पहिल्यापासून?"

"हो. आजच लागू झालाय."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या कार्यालयात, त्यांच्या खुर्चीवर, या क्षणी एक शाल त्यांचे काम करत होती.

सगळेच बचावले. अधिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या श्वासाबरोबर खोडही बाहेर आली. "मग साहेब, त्या हिशेबाने आजोबाही हजरच."

"हजरच."

"पंचेचाळीस कोटी वर्षं," नुकताच चहा पिऊन आलेला आस्थापनेचा कारकून म्हणाला. "एकही रजा नाही हो! यांच्याइतकी सलग नोकरी कोणाचीच नाही."

प्रमुखपद सेवाज्येष्ठतेने मिळते, हे सर्वांना एकदमच आठवले.

"अहो, पण तो दगड आहे!" अधिकारी ओरडले.

"आधीचे प्रमुख तरी कुठे हलत होते?" संचालकांनी शांतपणे विचारले. "आणि तुमच्या खुर्चीवर काय असतं?"

अधिकाऱ्यांच्या खुर्चीवर काहीच नसे. ते दिवसभर पेट्यांपाशी उभे राहून वळ्या मोजत. म्हणजे नव्या नियमाने, अठरा वर्षे, बेपत्ता.

आजोबा खिडकीच्या खोलीत गेले. भेटून आलेले लोक सांगू लागले, "साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द नाही."

"मिळाली खोली?" घरी बायकोने विचारले.

"आजोबांना मिळाली."

"कोणाचे आजोबा?"

त्यांनी सगळे सांगितले. ती बराच वेळ हसली, मग कुंडी त्यांच्या हातात दिली. "रोपाने काय घोडं मारलंय? त्याला तरी नेऊन ठेवा." मग कपाटातून एक जुना स्वेटर काढला. "आणि हा घ्या ऑफिसला. घरी नाही लागायचा. इथे मी इतकी वर्षं कवचाशीच बोलतेय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडी आजोबांशेजारी, उन्हात ठेवली. परातीतले पाणी बदलले. मग आपल्या खुर्चीवर स्वेटर नीट टांगला, बाह्या टेबलावर ठेवल्या आणि नोकरीत प्रथमच भर दुपारी रस्त्यावर आले.

रस्ता माणसांनी फुलला होता. सगळे कुठे ना कुठे हजर होते. त्या गर्दीत तुम्हीही त्यांना दिसलात. तुम्ही ओळख दाखवली नाहीत, ते बरोबरच केलेत; तुम्ही त्या वेळी कामावर होतात.

कवचातून बाहेर पडलेला तो प्राणी आधीपेक्षा थोडा मोठा झाला होता.